बरणीवर कुठल्या गावाचं नाव

पुण्यातल्या एका दुकानदाराला आत्याचं मेतकूट, शेंगाचटणी आणि ओल्या लाल मिरच्यांचा रंजका विकायला ठेवायचा होता. त्याची अट एकच: बरणीवरच्या चिठ्ठीत ‘अस्सल महाराष्ट्रीय चव’ हे शब्द हवेत. आत्याने कळवलं, चिठ्ठीवर ‘हुबळी’ असेल, नाहीतर माल येणार नाही.

आत्याचं माहेर साताऱ्याचं, म्हणजे आमचंच घर. सासरचं घराणं पेशवाईच्या उतरत्या काळात कृष्णाकाठाहून खाली आलं आणि धारवाड-हुबळीच्या पट्ट्यात राहिलं. आता घर गोकुळ रोडला आहे, औद्योगिक वसाहतीच्या जवळ. विमानतळाकडे जाणारी वाहनं दिवसभर समोरून धावत असतात. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, नातीच्या शाळेत इंग्रजी. सून गदगची, तिचं माहेर पूर्ण कानडी. मी पुण्याहून आले होते आणि दुकानदाराचं म्हणणं मला पटत होतं. बोलता बोलता विषय मेतकुटावरून इटलीपर्यंत गेला. ते बोलणं इथे मांडावंसं वाटतं, कारण गाव सोडलेल्या माणसांच्या स्वयंपाकघरात हा प्रश्न आज ना उद्या येतोच.

मी : आत्या, मेतकूट माझ्या आजीच्या हातचं. त्याला महाराष्ट्रीय म्हटलं तर तुझी हरकत का?

आत्या : आईच्या हातचं मेतकूट तू खाल्लंयस. माझं त्याच्यासारखं लागतं का, सांग बघू.

मी : थोडं वेगळं लागतं.

आत्या : चांगलंच वेगळं लागतं. आई गहू जास्त घालायची, सुंठ घालायची. मी लग्न होऊन इथे आले आणि सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सुंठ काढायला लावली, धने वाढवले, दोन-चार ब्याडगी मिरच्या भाजून घातल्या. त्यांना त्यांच्या सासूने तसं शिकवलं होतं, आणि ती होती नरगुंदची. इथल्या कानडी घरांतही हे पीठ होतंच की, आमच्या येण्याआधीपासून. मग यात सातारा किती उरला?

आम्ही बोलत होतो तेव्हा सून शेगडीपाशी होती. परातीत तिने हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि मूठभर गहू वेगवेगळे मांडून ठेवले होते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडीद तांबूस होतो तेव्हा हरभऱ्याची डाळ अजून कच्चीच असते. लोखंडी कढई, मंद आच, एकेक घाणा. धने-जिरे झाल्यावर मेथीदाणे सगळ्यात शेवटी. मेथीवरून ती नजर हलवत नव्हती; दाणा फुगून लालसर झाला की कढई तत्काळ खाली, जरा उशीर झाला की अख्खं दळण कडू. हळद आणि हिंग आचेवर येतच नाहीत, गरम डाळींवर नुसते भुरभुरायचे. आत्या पाठमोरी बसली होती, पण वासावर लक्ष ठेवून होती. मध्येच तिने कानडीत “साकु, इळिसु” (पुरे, उतरव) म्हटलं. त्याआधीच सुनेने कढई उतरवली होती.

मी : बदल होतात, ते मान्य. पण मूळ कुठलं ते सांगायला नको का? डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक झाली. त्यात इटलीच्या स्वयंपाकाला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून स्थान मिळालं. आपली दिवाळीही त्याच बैठकीत यादीत आली. नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कसबाला तर २०१७ मध्येच तो मान मिळाला होता. ही माणसं नावाला जपतात. सान मारझानोचा टोमॅटो, पार्माचं चीज, कुठल्या खोऱ्यात पिकलं, कुठल्या गावात मुरलं, सगळं कायद्याने बांधलेलं. आपण मात्र आपलं म्हणायलाच संकोचतो.

आत्या : इटलीचा स्वयंपाक म्हणजे नेमका कुणाचा?

हा प्रश्न तिने सहज विचारला, पण तो वर्मावर बसतो. इटली नावाचं एकसंध राज्य १८६१ मध्ये उभं राहिलं. त्याआधी आणि नंतरही बराच काळ तिथला माणूस जिनोआचा, नेपल्सचा, सिसिलीचा होता. बोली वेगळ्या, ताटं वेगळी. उत्तरेत लोणी आणि तांदूळ, दक्षिणेत ऑलिव्हचं तेल आणि शेवया. पेल्लेग्रिनो आर्तुसी या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या गृहस्थाने १८९१ मध्ये पदरमोड करून पाककृतींचं पुस्तक छापलं, तेव्हा कुठे एका गावच्या गृहिणीला दुसऱ्या गावचं जेवण छापील पानावर भेटायला लागलं. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आलं, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप दिलं आणि मराठी घराघरांतल्या चवी एकमेकींच्या जवळ आल्या. आर्तुसीच्या पुस्तकाचं काम थोडंफार याच जातीचं.

पण इटालियन जेवण घडवण्यात आर्तुसीइतकाच वाटा देश सोडून गेलेल्यांचा आहे. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख माणसं इटलीतून बाहेर पडली. कुणी न्यूयॉर्कला उतरलं, कुणी ब्यूनोस आयरेसला, कुणी ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांत. आत्याला मी जिनोआच्या लोकांची गोष्ट सांगितली. ब्यूनोस आयरेसच्या बंदरालगत ला बोका नावाच्या वस्तीत हे लोक दाटीवाटीने राहिले. हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून, तेल-मीठ घालून मोठ्या तव्यात भट्टीत भाजलेली पोळी, फारिनाता, हे त्यांचं गावचं खाणं. तिकडे तिचं नाव झालं फायना.

आत्या : म्हणजे बेसनाचं धिरडंच की ते. भट्टीतलं.

मी : जवळपास तेच. आता गंमत ऐक. अर्जेंटिनात हे फायना पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून एकत्र खातात. पिझ्झा नेपल्सचा, फारिनाता जिनोआची. इटलीत हे दोन पदार्थ सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. समुद्र ओलांडल्यावर एका घासात आले.

आत्या : मग ते कुठलं म्हणायचं, नेपल्सचं का जिनोआचं?

मी : ब्यूनोस आयरेसचं.

आत्या : तेच तर मी म्हणतेय, हुबळी लिही.

तिच्या बाजूने जाणारी आणखी एक गोष्ट मला माहीत होती. ती दडवून वाद जिंकण्यात अर्थ नव्हता म्हणून सांगितली. न्यूयॉर्कच्या इटालियन घरांतलं रविवारचं जेवण, टोमॅटोच्या रश्श्यात तासन्‌तास शिजणारं मांस, शेवयांवर मांसाचे गोळे, हे त्यांच्या गावी रोजचं नव्हतं. दक्षिण इटलीतल्या शेतमजुराच्या घरी मांस शिजायचं ते सणासुदीला, तेही बेताचं. गहूसुद्धा सगळ्यांना पुरत नसे. हासिया डायनर या अमेरिकी इतिहासकार बाईंनी २००१ च्या आपल्या पुस्तकात हे नीट मांडलंय: गावात जमीनदाराच्या ताटात दिसायचं आणि आपल्याला मिळायचं नाही, ते या लोकांनी अमेरिकेत स्वस्त मांस मिळताच आपल्या टेबलावर आणलं. आणि त्यालाच पुढच्या पिढ्या ‘गावचं जेवण’ म्हणू लागल्या.

आत्या यावर बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सासूबाई सांगायच्या, पुरणपोळी त्यांच्या लहानपणी वर्षातून दोनदा, फार तर तीनदा व्हायची. रोजचं म्हणजे जोंधळ्याची भाकरी, रंजका नि ताक. आता तुमच्या मंडळांच्या जेवणावळीत बघावं तर पुरणपोळी, श्रीखंड, आळूवडी. भाकरी-ताकाला कुणी वारसा म्हणत नाही.”

तिचं हे म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. परगावी गेलेली माणसं ज्याला वारसा म्हणून मिरवतात ते सणाचं ताट असतं. रोजच्या ताटातली भाकरी-चटणी, उपासमारीच्या वर्षातल्या कण्या आणि रानभाज्या आधी विसरल्या जातात. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, त्याची अधिवेशनं भरतात, हजारोंच्या पंगती उठतात. कोकण, देश, विदर्भ, खानदेश अशी आपापली ताटं घेऊन गेलेले लोक तिथे ‘महाराष्ट्रीय थाळी’समोर एकत्र बसतात. इटलीतून निघालेला सिसिलियन जसा न्यूयॉर्कला पोहोचल्यावर इटालियन झाला, तसाच हा प्रकार आहे. त्यात वाईट काही नाही. पण त्या थाळीत शेंगोळ्या आणि आंबील क्वचितच असते, हे खरं.

मी : तुझं हुबळीचं म्हणणं घटकाभर मान्य करते. पण मग धारवाडी पेढ्याचं बघ. त्याला २००७ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. पेढा आणला कुणी? उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने. १९ व्या शतकात प्लेगमुळे गाव सोडून माणसं निघाली ती थेट धारवाडला आली, आणि लाइन बाजारात पेढे करायला लागली. दुसरं नाव मिश्रांचं; तेही उत्तर प्रदेशातलेच, १९३३ पासूनचे. आणि आज सरकारी कागदावर पेढा धारवाडचा. उन्नावचं नाव कुठे आहे?

आत्या : पेढ्यात दूध कुठलं आहे?

मी : इथलं.

आत्या : इथल्या म्हशीचं. धारवाडी म्हैस म्हणून वेगळी जात आहे, सरकारने तिची नोंदसुद्धा केलीय. गवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. खवा काळसर होईपर्यंत परतायचा, साखर जिरवायची, परत परतायचा, मग पिठीसाखरेत घोळवायचा. साताऱ्याचा कंदी पेढा आठव. तोही भाजलेला, पण त्याला साखर कमी, रंग फिका. दोन्ही गावांत खवा भाजतात आणि पेढे दोन झालेत. उन्नावच्या माणसाने कसब आणलं, म्हशीने दूध दिलं, लाइन बाजाराने गिऱ्हाईक दिलं. तिघांतलं कुठलंही एक काढलं तर धारवाडी पेढा होत नाही.

मी : मग चिठ्ठीवर तिघांची नावं हवीत.

आत्या : चिठ्ठीवर नसली तरी तुला उन्नाव माहीत झालं ना? धारवाडात कुणालाही विचार, ठाकूर उत्तरेकडून आले हे पोरंसुद्धा सांगतील. लपवलंय कुणी?

हुबळीतच याहून गुंतागुंतीचं एक उदाहरण आहे. इथल्या सावजी खानावळी. आत्याच्या घरी मांसाहार होत नाही, पण काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, सावजीकडचं झणझणीत मटण फार आवडायचं आणि कारखान्यातल्या मित्रांबरोबर ते अधूनमधून जाऊन यायचे. या खानावळी सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या. पिढीजात धंदा विणकामाचा. हुबळीत आणि गदग-बेटगेरीला त्यांची मोठी वस्ती आहे. आपलं मूळ नर्मदाकाठचं, मांडू-महेश्वराकडचं असं ते सांगतात. घरातल्या बोलीत गुजराती-मराठीचा अंश, दाजीबान पेठेत तुळजाभवानीचं देऊळ, आणि हॉटेलची पाटी कानडीत. नागपुरातही सावजी जेवण आहे. तेही विणकरांचंच, पण हलबा कोष्टींचं. तिथे हातमाग मंदावले तेव्हा अनेक घरांनी खानावळी काढल्या. नाव एक, समाज दोन, तिखटाची धार दोन्हीकडे तेवढीच, मसाले मात्र वेगळे. नागपूरकर हुबळीत आला तर त्याला ‘हे आपलं सावजी नव्हे’ असं वाटणार, आणि हुबळीकराला नागपुरात तेच वाटणार. अस्सल कुठलं, याचं उत्तर देणारा पंच कुठून आणायचा?

इटलीत असाच पंचाईतीचा प्रश्न आल्बेर्तो ग्रांदी या पार्मा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी उभा केला, आणि त्यांना देशभरातून बोलणी खावी लागली. अनेक ‘प्राचीन’ इटालियन पदार्थ दुसऱ्या महायुद्धानंतर आजच्या रूपाला आले, असं ते म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बनणारं पार्मेजान चीज हे शंभर वर्षांपूर्वीच्या पार्माच्या चीजला आजच्या पार्मापेक्षा जास्त जवळचं आहे, हे त्यांचं सर्वांत वादग्रस्त विधान. कारण तिकडे गेलेल्या कारागिरांनी जुनी रीत तशीच ठेवली आणि इकडे गावात ती बदलत गेली.

आत्या : हे मात्र खरं असणार. साताऱ्याला आपल्या घरी आता मेतकूट कोण करतं?

मी : कुणी नाही. पाकीट आणतात.

आत्या : आणि कटाची आमटी?

मी : होते. पण काळा मसालासुद्धा आता विकतचा.

आत्या : मग मूळ गावात जे उरलं नाही त्याच्या नावाने मी माझी बरणी का विकू? माझी आमटी ओल्या नारळाची, ब्याडगीच्या रंगाची. साताऱ्याला सुकं खोबरं नि काळा मसाला. दोन्ही चांगल्या. पण माझ्या आमटीला साताऱ्याची म्हणणं म्हणजे साताऱ्याशी खोटं बोलणं आणि हुबळीशीसुद्धा.

इथपर्यंत तिचं पारडं जड होतं, आणि चिठ्ठीपुरतं मी तिचं ऐकलंही. ‘हुबळी’ हेच नाव राहणार. दुकानदाराला हवं तर घेईल. शिवाय ‘महाराष्ट्रीय’ शब्दाबद्दल तिचा एक जुना आक्षेप आहे, आणि तो मी पुण्यात कधी नीट ऐकून घेतलेला पाहिला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होतं. आत्याच्या सासऱ्यांचं घर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं ते जागचं न हलता. त्यांना परप्रांतीय म्हणणं चूक आणि महाराष्ट्रीय म्हणणंही चूक. मराठी बोलणारे हुबळीकर, एवढंच त्यांना लागू पडतं.

पण माझी खरी काळजी चिठ्ठीची नव्हतीच. आत्याची नात आठ वर्षांची आहे. तिला मऊ भात, मेतकूट आणि तूप फार आवडतं. ती ते कानडीत मागते. टीव्हीवरचं इंग्रजी बोलते. मराठी तिला कळते, पण उत्तर मराठीत येत नाही. गोकुळ रोडवर पिझ्झाची दुकानं झाली आहेत, तिथेही ती आनंदाने जाते, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मी : आत्या, पदार्थ राहील, हे मला दिसतंय. पण त्याच्याभोवतीचं बोलणं राहील का? इस्रायलमधल्या बेने इस्रायलींचं बघ. रायगडच्या किनाऱ्यावरची ही मराठी ज्यू माणसं, १९४८ नंतर हळूहळू तिकडे गेली. मंगलकार्य असलं की अजून मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, सुकामेवा, सोबत फळं मांडायची आणि एलियाहू हन्नावीची प्रार्थना म्हणायची. जाणत्यांनी तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. पण नातवंडांची भाषा हिब्रू. मलिद्याचं तबक त्यांच्या हातात आहे, आणि त्या तबकाबद्दल आजी काय म्हणायची ते मात्र त्यांना कळत नाही.

आत्या : तबक हातात आहे हे कमी आहे का?

मी : कमी नाही. पण पुरतंही नाही. न्यूयॉर्कमधले तिसऱ्या पिढीचे इटालियन रविवारचा रस्सा करतात, आणि आजोबा कुठल्या गावाहून आले ते अनेकांना सांगता येत नाही. मग ते एक दिवस वंशावळीच्या कागदांचा शोध घेत इटलीत जातात. तेव्हा विचारायला कुणी उरलेलं नसतं. तंजावरला एकोजीराजांच्या काळात रघुनाथ नवहस्तांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. संस्कृतात का होईना, लिहिलं, म्हणून आपल्याला त्या वेळचं ताट दिसतं. तुझ्या सासूबाईंच्या सासूचं, नरगुंदचं, काय लिहिलेलं आहे?

आत्या : काही नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं.

मी : मग?

आत्या : मग मला येतं की. माझी वही आहे. अर्धी मराठीत, आणि अलीकडची पानं सुनेने कानडीत लिहिलीत. आता तूच सांग, कवी बेंद्र्यांच्या घरात मराठी होती आणि कविता कानडी. ज्ञानपीठ मिळालं १९७३ ला, ते कानडी कवितेसाठी. धारवाडने त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांचं मराठी हरवलं म्हणून कुणी रडलं का?

मी : आणि जी. ए. कुलकर्णी त्याच धारवाडात आयुष्याचा मोठा काळ इंग्रजी शिकवत राहिले आणि कथा मराठीतच लिहीत राहिले. दोघेही एकाच गावात राहत होते. म्हणून भाषा टिकणं किंवा जाणं हे गावावर नसतं, घर काय ठरवतं त्याच्यावर असतं.

आत्या यावर लगेच काही बोलली नाही. सून भाजलेल्या डाळी परातीत पसरत होती, गार झाल्याशिवाय दळायला देता येत नाहीत. आत्याने तिच्याकडे बोट दाखवलं.

आत्या : तू सारखं आपलं, आपलं म्हणतेस. या घरात आपल्या रक्ताच्या किती जणींनी मेतकूट केलं? सासूबाईंची सासू नरगुंदहून आली. सासूबाई जमखंडीच्या. मी साताऱ्याची. ही गदगची. घराण्याची चव म्हणतात ती चार बाहेरच्या बायकांनी राखलीय. घरातल्या मुली लग्न करून दुसरीकडे गेल्या, तिथे त्या दुसऱ्यांची चव शिकल्या. माझ्या आईचं मेतकूट तर माझ्याबरोबर आलंच नाही. ते साताऱ्याला राहिलं, नि तिथे तुझ्या आईने ते केलं. आणि ती होती कऱ्हाडची.

खाद्यवारशाबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण ही बाब मला कुठे इतकी स्पष्ट मांडलेली दिसली नव्हती. वारसा म्हटलं की आपण मूळ, रक्त, पूर्वज असे शब्द वापरतो. आपल्या घरांत मात्र चुलीची सूत्रं पिढ्यान्‌पिढ्या अशा बाईच्या हातात गेली जी दुसऱ्या गावाहून, कधी दुसऱ्या बोलीतून आली. तिला आधी स्वतःच्या आईचं ताट बाजूला ठेवावं लागलं, काही वेळा जबरदस्तीने. सासूच्या हाताखाली उभं राहून नवं ताट शिकावं लागलं. आणि मग आयुष्यभर त्यात थोडं माहेर मिसळत राहावं लागलं. धने वाढले, सुंठ गेली, ब्याडगी आली, ते असंच. पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेल्यांचं स्थलांतर इतिहासात नोंदलं जातं. बोहल्यावरून उतरून दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांचं नोंदलं जात नाही. पण चव हलली, मिसळली आणि टिकली ती जास्त करून त्यांच्यामुळे. ठाकुरांच्या पेढ्याला इतिहास आहे कारण त्याला दुकान होतं. मेतकुटाला दुकान नव्हतं.

म्हणून बरणीवर ‘अस्सल’ लिहिण्याचा माझा आग्रह मी सोडला, पण नोंद करण्याचा आग्रह उलट वाढला. अस्सल म्हटलं की या चारही जणींची गावं पुसली जातात. निव्वळ ‘हुबळी’ म्हटलं तरी पुसली जातातच, हे मी आत्याला सांगितलं.

आत्या : मग काय, बरणीवर वंशावळ छापू?

मी : बरणीवर नको. वहीत लिही. नरगुंदने काय दिलं, जमखंडीने काय, तू काय काढलंस, सुनेने काय बदललं. मराठीत आणि कानडीत, दोन्हीत.

आत्या : हिने काय बदललंय ते हिलाच विचार.

सून हसली. मराठीत म्हणाली, “मी उडीद डाळ थोडी कमी केली. अत्तींना कळलं नाही.”

आत्याला हे नवीन होतं. तिने परातीतून चिमूटभर डाळ उचलून तोंडात टाकली, सावकाश चावली. “कळलं होतं,” ती म्हणाली, “पण चांगलं लागलं म्हणून बोलले नाही.”

त्या संध्याकाळी वहीचं पहिलं पान लिहायला घेतलं. डाळींची मापं वाटीत आली, धन्यांचंही आलं. मेथीपाशी अडलं. किती वेळ भाजायची ते दोघींनाही मिनिटांत सांगता येईना. वास बदलला की उतरवायची, असं दोघी म्हणाल्या, एकीने मराठीत, एकीने कानडीत. मी दोन्ही वाक्यं लिहिली.

मी : मे महिन्यात नातीला पुण्याला पाठव. महिनाभर राहिली तर मराठी बोलायला लागेल.

आत्या : पुण्याला कशाला? पुण्याला येऊन ती पुण्याची मराठी शिकेल. इथे आमची मराठी आहे, तिला तीच बोलायचीय. तुला एवढं वाटतं ना, मग तूच ये. रंजक्याचे दिवस जानेवारीत. लाल ओल्या मिरच्या येतात, पोत्याने घ्याव्या लागतात, देठ खुडायलाच चार माणसं लागतात. तिला शेजारी बसव आणि मराठीत बोल तिच्याशी. खुडून होईपर्यंत ती काही उठून जात नाही.

मी : जानेवारीत तिची शाळा असते.

आत्या : रविवारी नसते.